ताईचा मोबदला आणि चिपचे शेअर

खारबाव, ता. भिवंडी

चि. नीलेश यास,


जमिनीच्या मोबदल्यातले ताईच्या हिश्श्याचे पैसे एनव्हिडिया, ब्रॉडकॉम, मायक्रॉन असल्या कंपन्यांत घालायचे तुझ्या मनात आहे, हे तिच्याकडूनच कळलं. ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये तू कूलिंग सांभाळतोस, रॅकमागून रॅक भरताना बघतोस, म्हणून तुला खात्री वाटते. मागणी खरी आहे, त्यात वाद नाही. एनव्हिडिया चिपचा आराखडा करते, ती घडवते तैवानची टीएसएमसी, तिला लागणारी ईयूव्ही यंत्रं जगात एकटी नेदरलँड्सची एएसएमएल बनवते. इतक्या थोड्या हातांत सगळा धंदा असल्यावर पैसा तिकडेच धावणार.

पण तुला जे रॅकपाशी दिसतं ते न्यूयॉर्कच्या बाजाराला तुझ्या आधीच दिसलेलं असतं. आपली जमीन ज्यात गेली त्या रस्त्याच्या कॉरिडॉरची आखणी कागदावर आली त्याच महिन्यात दलालांनी गुंठ्याचा भाव चढवला होता. रस्ता यायचाच होता. ज्यांनी चढ्या भावात गुंठे घेतले त्यांना रस्ता मिळेल, नफा मिळेलच असं नाही. सिस्कोचं तेच झालं. इंटरनेटला लागणारी यंत्रं ती विकायची. 2000 च्या मार्चमध्ये तिचा शेअर 80 डॉलरवर होता. इंटरनेट वाढलं, सिस्कोची विक्रीही पुढच्या पंचवीस वर्षांत जवळपास तिप्पट झाली. तरी तो भाव पुन्हा दिसायला 2025 चा डिसेंबर उजाडला. 2000 साली ताईच्या, तुझ्या आईच्या, आजच्या वयाच्या ज्यांनी तो घेतला, त्यांनी किती वर्षं वाट पाहायची?

पडझड तर एका दिवसातही होते. 27 जानेवारी 2025 ला चीनच्या डीपसीकच्या स्वस्त एआय मॉडेलची बातमी पसरली आणि एनव्हिडियाचा शेअर 17 टक्के खाली आला. जवळपास 600 अब्ज डॉलरचं बाजारमूल्य गेलं. नंतर तो सावरला, हे खरं. सावरेपर्यंत हात न लावता बसायला पोटात दम लागतो, आणि ताईला दवाखान्यासाठी पैसे लागले तर तेवढी सवड नसते. मेमरीचा धंदा तर आणखी लहरी. मायक्रॉनला 2023 च्या आर्थिक वर्षात 5.8 अब्ज डॉलरचा तोटा झाला, दोनच वर्षांनी विक्रमी विक्री झाली. दोन्ही वेळेला कंपनी तीच, कारखाने तेच. फिरला तो मेमरीचा भाव.

मग कुणी म्हणेल, परदेश नको, आपल्याकडच्याच चिपकंपन्या घे. इथे जास्त जपून राहा. वेदान्त-फॉक्सकॉनचा प्रकल्प 2022 मध्ये तळेगावऐवजी गुजरातला गेला म्हणून आपण केवढी हळहळ केली! पुढच्याच जुलैत फॉक्सकॉनने त्यातून अंग काढून घेतलं. आणि आरआरपी सेमीकंडक्टर आठव. साधारण वीस महिन्यांत शेअर 55,000 टक्क्यांवर वाढला, तेव्हा तिच्या वार्षिक अहवालात पूर्णवेळ कर्मचारी होते दोन. चिप बनवायला आपण सुरुवातच केलेली नाही, असं कंपनीनेच शेअरबाजाराला कळवलं. शेवटी तिचा व्यवहार आठवड्यातून एकदाच होऊ लागला. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर कुणी ‘सेमीकंडक्टर’ नावाचा स्वस्त शेअर सुचवला, तर आधी बघ: कारखाना कुठे आहे, गिऱ्हाईक कोण, विक्री किती. तिन्हींची उत्तरं ताळेबंदात सापडली नाहीत तर ग्रुप सोड.

परदेशी शेअरची आणखी एक बाजू आहे, ती विकणारे सांगत नाहीत. वर्षाला 10 लाखांवर रक्कम गुंतवणुकीसाठी बाहेर पाठवली की त्यावरच्या भागावर 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. विवरणपत्रात परदेशी मालमत्ता वेगळी दाखवावी लागते. आणि धारक वारला तेव्हा अमेरिकेतले शेअर 60,000 डॉलरच्या वर असतील, तर तिथला वारसाकर 40 टक्क्यांपर्यंत जातो. ताईच्या नावाने हे ओझं कशाला?

तुला हौस आहे तर तुझ्या पगारातून कर. दरमहा एवढंच घाल, की ते निम्मं झालं तरी घरचा हप्ता चुकणार नाही. एकाच कंपनीत नको, आणि इंडेक्स फंडातून घेतलंस तर मला जास्त बरं वाटेल. नॅस्डॅकचा ईटीएफ घेताना मात्र बाजारभाव आणि एनएव्ही, म्हणजे त्याची मूळ किंमत, दोन्ही बघ. म्युच्युअल फंडांच्या परदेशी गुंतवणुकीला मर्यादा असल्यामुळे तो कधीकधी मूळ किमतीपेक्षा बराच महाग विकला जातो.

ताईचे पैसे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाखांपर्यंत ठेव. उरलेले दोन-तीन बँकांत वाटून ठेव, कारण ठेवीवरचं विमासंरक्षण एका बँकेत 5 लाखांपुरतंच असतं. ती जमीन आज्याची होती. ती परत मिळणार नाही. म्हणून एवढं ऐक: शेअरच्या कुठल्याही फॉर्मवर ताईची सही घेऊ नकोस.

तुझा,
मामा