कसोटीचा दगड

धनत्रयोदशीला जळगावच्या सराफबाजारात गेलेला माणूस गुंजभर सोन्यासाठीसुद्धा डोळ्यांत तेल घालून बसतो. कस पाहतो, वजन पाहतो, पावती मागून घेतो. मग सराफ कितीही घरोब्याचा असो. यात कोणाचा अपमान झाला असे कोणी मानीत नाही. तोच गृहस्थ घरी येऊन फराळाला बसतो, आणि मोबाइलवर आलेली एखादी बातमी, ती मूळ कोणाची, कोठली, याची चौकशी न करता पाच ठिकाणी पाठवून मोकळा होतो. सोने पारखून घेणारा माणूस शब्द मात्र न पारखता का देतो?

सणासुदीला हा प्रश्न कडू वाटेल. परंतु खानदेशाला तो टाळता येणार नाही. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाड्याला आठवड्याचा बाजार भरला होता. भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, भिक्षेवर पोट भरणारे पाच जण तेथे आले. मुले पळविणाऱ्या टोळ्यांच्या कंड्या मोबाइलवरून आधीच पसरल्या होत्या. जमावाने केवळ संशयावरून त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारले. त्यांनी कोणाचेही मूल पळविले नव्हते.

त्या वर्षी देशभर फिरलेली एक चित्रफीत कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेल्या जाहिरातीतून कापलेली होती. मूळ जाहिरातीत उचललेले मूल लगेच परत आणून सोडतात; तेवढाच भाग कोणी छाटला. खोटे पुष्कळदा असे अर्ध्या खऱ्यातूनच घडते. कुरुक्षेत्रावर हत्ती मेला होता, एवढे खरेच होते. पण द्रोणाचार्यांनी ऐकले ते पुत्राचे मरण.

यावर एखादी आई म्हणेल, "मी काळजीपोटी पाठविले. खरे निघाले असते तर?" हा आक्षेप क्षुल्लक नव्हे. सावध करणे हे कर्तव्यच आहे. परंतु खोट्या इशाऱ्याला किंमत पडत नाही, हे गृहीतच चूक आहे. किंमत पडते, फक्त ती आपण देत नाही, वाटेवरचा परका माणूस देतो. आपल्या लेकराच्या काळजीने दुसऱ्याच्या लेकरांचा बाप जाणार असेल, तर त्या काळजीने निदान पोलीसपाटलाला एक प्रश्न विचारावयास हवा होता. मनात शंका येणे वेगळे आणि ती दुसऱ्याच्या हाती देणे वेगळे. पुढे पाठविणे ही साक्ष आहे, आणि साक्षीदाराला "मी नुसते ऐकले होते" म्हणून सुटता येत नाही.

निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव असलेच पाहिजे, असे लोकप्रतिनिधित्व कायद्याचे १२७ अ कलम सांगते. दूरचित्रवाणीवरील राजकीय जाहिरात सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या आदेशापासून आधी प्रमाणित करून घ्यावी लागते. मामाने किंवा मावशीने पाठविलेल्या निनावी निरोपाला मात्र नाव मिळते ते मामाचे नि मावशीचे. आपल्या माणसाची पत हीच त्या खोट्याची मुद्रा ठरते. विरोधी पक्षाच्या दाव्यातले खोटे आपल्याला चटकन दिसते. कस लावावयाचा तो आपल्याला आवडलेल्या बातमीला.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी धाडता येईल, अशी मर्यादा घातली. तरीही १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे अशाच अफवांच्या दिवसांत जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक यांना मारले. यंत्र वेग कमी करील. विवेक आपणच आणावयाचा.

पाडव्याला दारी कोणी झोळी घेऊन आला, तर त्याला ओंजळभर फराळ द्यावा, आणि गाव कोणते, म्हणून विचारावे. परक्याला सरळ विचारलेला प्रश्न, हाच शब्दांच्या व्यवहारातला कसोटीचा दगड होय.