कान उघडले, पुढे काय?

मार्कलिखित शुभवर्तमानात प्रभू येशू बहिऱ्या माणसाला गर्दीतून बाजूला नेतो. त्याचे कान उघडतात आणि तो लगेच स्पष्ट बोलू लागतो. नागपूरला कॉक्लिअर इम्प्लांट बसवून परतलेल्या बाळाचे तसे होत नाही. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून २०१४ पासून गरीब घरच्या मुलांनाही हे यंत्र मिळू लागले. ते आवाजाचे विजेच्या संकेतांत रूपांतर करून श्रवणतंतूपर्यंत पोहोचवते. अर्थ पोहोचवत नाही. पहिल्यांदा आवाज ऐकून मूल दचकते, रडतेसुद्धा. ‘आई’ हा शब्द पुन्हा पुन्हा कानी पडावा लागतो, तेव्हा कुठे कळतो.

मग त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलावे? भामरागडकडे घरात माडिया, शाळेत मराठी. घरची बोली सोडा, असा सल्ला कुणी दिला तर आम्हाला तो पटत नाही. चूल पेटवताना, मोहफुले वेचताना आई तिच्याच भाषेत मनमोकळी बोलेल. उसन्या भाषेत ती गप्प राहील, आणि गप्प घरात यंत्र असून नसल्यासारखेच.

आणि आपण? शस्त्रक्रियेसाठी प्रार्थना करतो, वर्गणी देतो. मिस्सा संपल्यावर मात्र मुलाच्या डोक्यावरून हात फिरवून, त्याच्यादेखत, त्याच्या आईलाच विचारतो: “अजून बोलत नाही का हो?”