आईचा तास कोणाचा?

जानेवारी सरत आला की परदेशातल्या मराठी घरांत दोन गोष्टी एकाच वेळी चालू असतात. एकीकडे हळदीकुंकवाचे बेत, तिळाचे लाडू आणि मंडळाच्या संक्रांतीची तयारी. दुसरीकडे नव्या वर्षाचे व्यायामाचे संकल्प, जे तोवर बहुधा लंगडू लागलेले असतात. जमलेल्या बायकांमध्ये तो विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं, "अगं, वेळच मिळत नाही." त्यावर कोणीतरी म्हणतं, "वेळ मिळत नसतो, काढावा लागतो." सगळ्या जणी मान डोलावतात आणि बोलणं वाणाच्या डब्यांकडे वळतं.

वेळ काढायचा हे ठीक. पण कुठून काढायचा आणि कोणाच्या वाट्यातून, हे कोणी बोलत नाही. घरात लहान मुलं आहेत, नोकरी आहे, अशा आईने रोज तासभर स्वतःच्या शरीरासाठी घेतला, तर तो तास कोणाचा? तिचा, की मुलांकडून उसना घेतलेला? वरवर हा वेळापत्रकाचा प्रश्न दिसतो. मला तो नीतीचा वाटतो, आणि त्याचं उत्तर मनात स्पष्ट नसेल तर कुठलंही वेळापत्रक फार दिवस टिकत नाही.

हिशेबापुरतं पाहिलं तर अडचण दिसतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा. आठवड्याची मिनिटं १०,०८०. त्यातली १५० म्हणजे जेमतेम दीड टक्का. एवढंही जमू नये?

पण ही मिनिटं अशी सुटी हाती येत नाहीत. सकाळी साडेसहाला धावायला जायचं तर त्या वेळी डबे कोण भरणार, धाकट्याला कोण उठवणार, हे आधी ठरावं लागतं. पुण्या-सांगलीत आजी असते, शेजारच्या काकू असतात, पोळ्यांना बाई असतात. इंग्लंडमधल्या एखाद्या गावात किंवा न्यू जर्सीच्या अपार्टमेंटमध्ये दोनच मोठी माणसं असतात, कधी एकच. आई हॉस्पिटलात रात्रपाळी करणारी नर्स असली तर सकाळी साडेसहाला ती अजून घरीही पोचलेली नसते. तेव्हा आईचा तास फुकट येतो असं मी म्हणणार नाही. त्याची किंमत कोणीतरी मोजतं.

ती किंमत योग्य कशी, याचं आपल्याकडचं नेहमीचं उत्तर म्हणजे आई धडधाकट तर घर धडधाकट. यात खोटं काही नाही. आपल्या दक्षिण आशियाई शरीरांना मधुमेह आणि हृदयविकार तुलनेने कमी वजनावरच गाठतात; म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ साली आशियाई लोकांसाठी बीएमआयचा सावधगिरीचा आकडा २५ ऐवजी २३ सुचवला. पाळी थांबल्यावर बायकांची हाडं झपाट्याने विरळ होऊ लागतात. स्नायू तर त्याच्या कितीतरी आधीपासून हळूहळू घटत असतात. आज पस्तिशीत असलेल्या बाईने दहा-वीस वर्षांचा विचार करायला ही कारणं पुरेशी आहेत.

तरीही हे उत्तर मला अपुरं वाटतं. गाडी वेळच्या वेळी सर्व्हिसिंगला देतो, कारण आपल्याला ती चालवायची असते. आईच्या व्यायामाचं कारण एवढंच असेल, की तिने घर आणखी तीस वर्षं ओढावं, तर आपण तिच्याकडे गाडीसारखंच पाहतो आहोत. याचा रोजच्या जगण्यातला परिणामही ठरलेला आहे. कारण घराचं असलं की घराला गरज पडताच ते कारण मागे पडतं. मुलाची परीक्षा आली, भारतातून पाहुणे आले, नवऱ्याची मीटिंग लांबली की सगळ्यात आधी तिचा तास जातो, आणि तो गेला याची नोंदसुद्धा होत नाही. रविवारी क्रिकेट खेळायला निघालेल्या बाबांना मात्र "हे कोणासाठी?" असं कोणी विचारत नाही. त्यांना आवडतं, एवढं कारण पुरतं.

जर्मन तत्त्वज्ञ कांट याचं म्हणणं असं, की कोणत्याही माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये. हे आपण दुसऱ्यांच्या बाबतीत लक्षात ठेवतो. त्याने त्यात स्वतःलाही धरलं होतं, हे मात्र विसरतो. स्वतःला निव्वळ घराचं साधन मानणारी आई त्यागमूर्ती म्हणून गौरवली जाते. पण कांटच्या कसोटीवर ती एका माणसावर अन्याय करते आहे, आणि तो माणूस ती स्वतःच आहे.

इथे कोणी म्हणेल, हा पाश्चात्त्य व्यक्तिवाद झाला, आपली परंपरा वेगळी. तर मग कालिदासाकडे जाऊ. शरीर हे धर्माचं पहिलं साधन, हे वचन तुम्ही नक्की ऐकलं असेल. दिल्लीच्या 'एम्स'चं ते बोधवाक्य आहे. ते आलंय 'कुमारसंभवा'च्या पाचव्या सर्गातून. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा एखादा पिळदार पैलवान येतो. मूळ काव्यात ते एका बाईला उद्देशून आहे. पार्वती घोर तप करते आहे, आणि ब्रह्मचाऱ्याचं रूप घेतलेला शंकर तिची विचारपूस करतो. तपाला लागणारं साहित्य मिळतं ना, अशी साधी चौकशी करत तो शेवटी तिच्या शरीरापाशी येतो, की हे सगळं ती आपल्या शक्तीच्या बेताने करते आहे ना.

त्या प्रसंगातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. पहिली, तो धर्म पार्वतीने स्वतः निवडलेला आहे. तिचं तप पती मिळवण्यासाठीच होतं ना, असं तुम्ही म्हणाल. होतं. पण ध्येय तिचं होतं; तिच्या आईचा तर त्याला विरोधच होता, आणि उमा हे नाव आईच्या त्या 'नको गं'वरूनच पडलं असं कालिदास सांगतो. दुसरी गोष्ट म्हणजे तो शक्तीचा बेत. शरीर साधन आहे, म्हणून ते जपायचं आणि झेपेल तेवढंच ताणायचं. पण साधन आहे ते शरीर. त्या शरीरात राहणारी बाई कोणाचं साधन नाही. आईचा तास तिचा का, याचं माझ्यापाशी असलेलं उत्तर एवढंच आहे.

आता याची दुसरी बाजू. तास तिचा ठरला की लगेच एक नवा धनी दारात उभा राहतो, तो म्हणजे ध्येय. चाळिशीच्या आत मॅरेथॉन, सहा महिन्यांत दहा किलो, रोज दहा हजार पावलं. मनगटावरचं घड्याळ कंप पावतं आणि चित्र दाखवायला आलेल्या मुलीला आई म्हणते, "थांब, अजून आठशे राहिलीत." सासूच्या धाकातून सुटलेली बाई घड्याळाच्या धाकात गेली, तर तिने मिळवलं काय? त्या दहा हजारांचं मूळही गमतीचं आहे. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचा मापक' असा होता. आकडा आधी दुकानात आला, शास्त्र मागाहून.

अॅरिस्टॉटलने केलेला एक भेद मला इथे उपयोगी वाटतो. काही क्रिया घर बांधण्यासारख्या असतात. बांधणं चालू आहे तोवर घर झालेलं नसतं, आणि घर झालं की बांधणं संपतं. काही क्रिया पाहण्यासारख्या असतात. पाहायला लागलो त्या क्षणी ते पुरतं घडलेलंच असतं. त्याला शेवटाची वाट पाहावी लागत नाही. वजन उतरवणं पहिल्या जातीचं, आणि मुलांबरोबर असणं दुसऱ्या जातीचं. मुलं हा अठरा वर्षांनी पूर्ण होणारा प्रकल्प आहे असं मानलं, की आजची संध्याकाळ हातातून जाते.

मग व्यायामाचं दूरचं ध्येय ठेवूच नये का? ठेवावं, फक्त त्याची जात तपासून घ्यावी. सत्तराव्या वर्षी मला काय करता यायला हवं, असा प्रश्न विचारून पाहा. लग्नाच्या पंगतीत जमिनीवर मांडी घालून बसता यावं आणि हात न टेकता उठता यावं. मुंबईच्या विमानतळावर पट्ट्यावरून २३ किलोची बॅग स्वतः उतरवता यावी. सिंहगड पायी चढता यावा. या ध्येयांना समाप्तीची रेषा नाही. आज केलेल्या दहा उठाबशा आजच कामाला येतात, आणि उद्या काही कारणाने सगळं थांबलं तरी वाया जात नाहीत. दूरचं ध्येय चांगलं की वाईट याची माझी कसोटी हीच, की ते कधीच गाठलं गेलं नाही, तरी त्याच्यासाठी घालवलेले दिवस चांगले गेले असं म्हणता येईल का?

शक्तीच्या बेताने सुरुवात करण्याची उदाहरणं अवतीभवती आहेत. 'काउच टू ५के' हा धावण्याचा कार्यक्रम जॉश क्लार्क याने १९९६ मध्ये आखला, तो पन्नाशीतल्या आपल्या आईला डोळ्यांपुढे ठेवून. ब्रिटनच्या एनएचएसने तो पुढे लाखो लोकांपर्यंत नेला. नऊ आठवडे, आठवड्यातून तीनदा. पहिल्या आठवड्यात एक मिनिट धावायचं आणि दीड मिनिट चालायचं. लंडनच्या बुशी पार्कमध्ये २००४ साली तेरा जणांनी सुरू केलेल्या 'पार्करन'मध्ये आज कोणीही शनिवारी सकाळी पैसे न देता पाच किलोमीटर धावू किंवा चालू शकतं. तिथे सगळ्यांच्या मागून चालणारा एक स्वयंसेवक नेमलेला असतो, त्यामुळे शेवटचा नंबर तुमचा कधीच येत नाही. आखातात राहणाऱ्या मैत्रिणींना उन्हाळ्यात बाहेर धावणं अशक्य. त्यांच्यासाठी सतरंजीएवढी जागा पुरणारे सूर्यनमस्कार आहेत. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आयुष्यभर त्यांचा प्रसार केला, आणि १९३८ साली त्यांचं इंग्रजी पुस्तक लंडनहून निघालं. म्हणजे आपण परदेशी येण्याच्या कितीतरी आधी सूर्यनमस्कार इथे येऊन पोचले होते.

राहिला प्रश्न त्या मोजल्या जाणाऱ्या किमतीचा. तास तिचा आहे हे मान्य झालं की घरातली भाषा बदलायला हवी. "मी जाऊन येऊ का?" ही परवानगी झाली. "मी साडेसहाला जाते, साडेसातला येते, कुकर तू लाव" हा दोन बरोबरीच्या माणसांमधला व्यवहार झाला. मुलाचा पोहण्याचा क्लास फ्रिजवरच्या कॅलेंडरवर असतो, तसा आईचा तासही तिथे असावा, आणि बाबांचाही. व्यवहार आहे म्हटल्यावर तो दोन्ही बाजूंनी पाळायचा. मूल तापाने फणफणलं असेल त्या दिवशी तिचा तास जाईल, कधी त्याचा जाईल. दर वेळी एकाचाच जाऊ नये, इतकंच.

आणि जिच्या घरी कुकर लावणारं दुसरं कोणी नाही, तिचं काय? तिला "वेळ काढ" म्हणून सांगणं मला निष्ठुर वाटतं. तिचा तास तिचा आहे हे आपल्याला खरंच पटलं असेल, तर त्याची थोडी किंमत आपणही उचलायला हवी. गणपतीला शे-दोनशे माणसांचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या आपल्या मंडळांना, शनिवारी सकाळी दोन घरांची मुलं तासभर एकत्र सांभाळणं जड जाऊ नये.

उरलेला वेळ घराचा. त्यात व्यायाम मिसळायचाच असेल, तर आपल्या भाषेत त्यासाठी जुना शब्द आहे, शतपावली. नावात आकडा आहे, पण ती शंभर पावलं कधी कोणी मोजली नाहीत. जेवण झालं, भांडी मशीनमध्ये गेली, की घड्याळ टेबलावर काढून ठेवा आणि मुलांना घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन या. धाकटा मध्येच गोगलगाय बघत बसला, तर तुम्हीही तिथेच थांबा. तुमचा तास सकाळी होऊन गेला आहे. त्यामुळे आता कुठे पोचायची घाई नाही.