सावली आणि गारवा

ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, आमच्या नेवाशात सांगितली गेली. ज्या पैस खांबाला टेकून माउलींनी ती सांगितली असं आम्ही मानतो, त्याच्यापुढे मी दर एकादशीला जाऊन बसते. बाराव्या अध्यायात भक्ताच्या समबुद्धीला झाडाचा दाखला आहे: घाव घालणारा असो की रोप लावणारा, दोघांवर सावली सारखीच. त्या ओवीशी आले की माझी जीभ अडखळते.

2014 आणि 2015, लागोपाठ दोन पावसाळ्यांनी दगा दिला. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीत घागर बुडेना. मी शेजारपाजारचं पाणी बंद केलं.

त्याच वैशाखात बांधावरच्या वडाचं उन्हातलं पान मी भर दुपारी चिमटीत धरलं. जाड, चामड्यासारखं, आणि ताप भरलेल्या लेकराच्या कपाळासारखं गरम. एरवी झाड मुळांनी ओढलेलं पाणी पानांच्या बारीक छिद्रांतून वाफ करून सोडतं. घामानं आपलं अंग निवतं, तसंच. एक लिटर पाण्याची वाफ होताना सहा-सात लिटर पाण्याला उकळी फुटेल एवढी उष्णता जाते. जमिनीतली ओल संपत आली की झाड ती छिद्रं मिटून घेतं. नाही मिटली तर खोडातल्या नळ्यांत हवा शिरते, पाण्याची धार तुटते, फांदी वाळते. मिटली तर पान तापतं. झाड तापणं पत्करतं. पळस, साग तर पानंच टाकून देतात. आमच्या वडानं धरून ठेवली होती.

वडाखाली मेंढरं बसली होती. मेंढपाळ त्याच वडाचे डहाळे तोडून त्यांच्यापुढे टाकत होता, आणि तोही त्याच सावलीत उभा होता.

गारव्याला पाणी लागतं, सावलीला लागत नाही. वडानं गारवा आखडला होता, सावली नाही. माउलींनी सावलीच म्हटलं आहे, हे मला फार उशिरा दिसलं.

पाणी आखडलं, त्याचं आता मला वाईट वाटत नाही. घरात चार माणसं होती, गोठ्यात दोन गायी. पण मी दारही लावून घेतलं होतं. कडी वाजली तरी उठले नाही. शेजारणीनं रिकामी घागर पायरीवर टेकवली, तो आवाज मी आतून ऐकला. बऱ्याच वेळानं ती उचलल्याचाही.