नऊ मृतदेह



२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री आपल्या सातारा जिल्ह्यातील केडंब्याचे तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली आणि प्राण दिले. मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना मुंबईच्या जामा मशीद ट्रस्टने कबरस्तानात जागा नाकारली. आम्हा शिरवळकरांना ते पटले होते. मृतांना मूठमाती देणे हे दयेचे कृत्य, असे मुलांना शिकवणारे आम्हीच!

हल्लेखोर धर्माचे नाव घेतात, हे स्पष्ट बोलावे. त्यात भीड कसली? पण आपण तसे नाही, हे शेजाऱ्याने मृतदेह नाकारून दाखवावे, इतका संशय त्याच्यावर कुणी घेतला? आम्हीही घेतला.

जानेवारी २०१० मध्ये सरकारने ते देह गुपचूप पुरले. त्यांच्यासाठी मिस्सात प्रार्थना मागायला आमची जीभ अजून रेटत नाही.