चिनीमातीची वाटी कुणाची?

रुळांच्या कडेने तारायंत्राचे खांब होते, तेव्हा त्यांवर पांढऱ्या चिनीमातीच्या वाट्या उलट्या बसवलेल्या असत. त्यांना इन्सुलेटर म्हणत. पावसात ओल्या खांबातून वीज जमिनीत उतरू नये म्हणून तार वाटीच्या गळ्याला बांधायची. वाटी आतून कोरडी राही आणि संदेश पुढे जाई. आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

इंग्लंड-अमेरिकेत या वाट्या जमवणारे पुष्कळ. अमेरिकेत १९७३ पासून त्यांची राष्ट्रीय संघटना आहे. ब्रिटनमध्ये १९६३ च्या बीचिंग अहवालाने सुमारे ५,००० मैल लोहमार्ग बंद करण्याची शिफारस केली आणि मार्गामागून मार्ग उखडले गेले. एखाद्या वाटीवर 'एल.एम.एस.' अशी जुन्या कंपनीची अक्षरे सापडली की संग्राहक हरखतो. कंपनी १९४८ च्या राष्ट्रीयीकरणात संपली, मालकच उरला नाही, मग उचलली तर काय बिघडले, असे कुणी म्हणेल. आम्हांला हे पटत नाही. बाप गेला म्हणून घर बेवारस होत नाही, वारस असतात.

फिकहमध्ये सापडलेल्या वस्तूला 'लुकता' म्हणतात. सापडणाऱ्याने वर्षभर तिची जाहीर ओळख द्यावी, असे हदीसमध्ये आहे. पण इथे तर मालक माहीत आहे, रेल्वे! तेव्हा लुकत्याची सवलतही मिळत नाही.

'आम्ही नेली नसती तर ती फुटली असती,' हा युक्तिवाद मात्र सहज झटकता येत नाही. वाट्या फुटतात हे खरेच आहे. आमची खरी अडचण वेगळीच आहे. हीच वाटी दिवाणखान्यातल्या कपाटात असली की छंद, वारसा, इतिहास. भंगार वेचणाऱ्या पोराच्या गोणीत निघाली की चोरी. १९६६ च्या रेल्वे मालमत्तेच्या कायद्यात चोरीचा वाजवी संशय असलेली वस्तू ज्याच्याकडे सापडेल, त्यानेच ती रीतसर मिळाल्याचे सिद्ध करायचे असते. नाहीतर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कपाटवाल्याला हा प्रश्न कोण विचारतो? गोणीवाल्याला मात्र पहिल्याच नाक्यावर विचारतात. नियत दोघांचीही कुणी पाहिलेली नसते, कपडे तेवढे दिसतात.

रीतसर मार्ग म्हणाल, तर रेल्वेचे भंगार लिलावात लॉटने विकले जाते. व्यापाऱ्याला ते सोयीचे. पण ज्याला एकच वाटी हवी, त्याने कुठे जायचे? टनावारी विकणाऱ्याला एका वाटीचे गिऱ्हाईक दिसतच नाही.

आमच्या शाळेतल्या एका मुलाने विज्ञान प्रदर्शनासाठी बंद पडलेल्या मार्गावरून अशी वाटी आणतो म्हटले. आम्ही त्याला आधी अर्ज लिहायला लावला. घरी उर्दू बोलणाऱ्या त्या पोराने शुद्ध मराठीत, 'एक नग, शैक्षणिक उपयोगासाठी, रीतसर पावतीसह' असे लिहिले. अर्ज स्थानकावरून वरच्या कार्यालयात गेला आहे. प्रदर्शनात आम्ही पुठ्ठ्याची वाटी ठेवली.