जिव्हा, जत्रा आणि आठवण

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डेव्हन आणि कॉर्नवॉल हे दोन परगणे एकमेकांस लागून आहेत. स्कोन नावाच्या लहानशा पावावर घट्ट साय आणि मुरांबा घालून चहाबरोबर खाण्याची चाल दोहोंकडे आहे. परंतु डेव्हनकर साय आधी लावतो; कॉर्नवॉलकर मुरांबा आधी लावून सायीला वरचा मान देतो. पोटात गेल्यावर दोहोंची गत एकच, तरी हा वाद मिटत नाही. आणि तो मिटावा अशी कोणाची इच्छाही दिसत नाही. सोलकढी भातावर घ्यावी की वाटीने प्यावी, यावर तासभर बोलणाऱ्या आम्हांस त्यांना हसण्याचा अधिकार नाही.

तथापि या विनोदाखाली एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. रसना जिंकावी, असे आपली शास्त्रे आणि संत सांगत आले. मग सुटीत खाल्लेल्या एखाद्या पदार्थाची आयुष्यभर आठवण काढणे, ही आसक्तीच म्हणावयाची काय?

लँकेशायरच्या कापडगिरण्यांतील कामगारांचे उदाहरण घेऊ. तेथे ‘वेक्स’ नावाचा सप्ताह पाळला जाई. मुळात तो गावच्या चर्चच्या संताचा उत्सव, म्हणजे आपल्याकडील जत्रेचाच भाऊबंद. गिरण्यांच्या काळात त्या सप्ताहात गावची धुराडी थंडावत आणि गावेच्या गावे आगगाडीने ब्लॅकपूलच्या समुद्रकाठी लोटत. पगारी रजेचा कायदा झाला तो १९३८ साली. तोवर पुष्कळांना ही सुटी बिनपगारी असे, आणि तिच्यासाठी वर्षभर दर आठवड्याला थोडे थोडे पैसे बाजूला टाकावे लागत. परतताना ब्लॅकपूलची साखरेची कांडी घरी आणावयाची. त्या कांडीत गावाचे नाव असे गुंफलेले असते की ती कोठेही मोडली तरी अक्षरे दिसतात.

अशा माणसाला इंद्रियनिग्रहाचा उपदेश करणे आम्हांस निष्ठुरपणाचे वाटते. वर्षभर निग्रह त्यानेच केलेला असतो. शिवाय ती कांडी मागे राहिलेल्यांसाठीही असते. आमच्या गोव्यात जत्रेहून परतणारा खाज्याचा पुडा बांधून घेतो, तो काय एकट्याने खाण्यासाठी? आसक्ती म्हणते, ‘आणखी हवे’; आठवण विचारते, ‘तेव्हा बरोबर कोण होते?’ पहिली जिभेवर राहते, दुसरी माणसांकडे नेते. दोहोंना एकाच दोषात गणणे न्याय्य नव्हे.

आठवणीलाही धोका आहेच, तो अभिमानाचा. कॉर्नवॉलमध्ये कथिलाच्या खाणीत उतरणारे मजूर पास्टी नावाची भरलेली, दुमडलेली पोळी नेत. तिचे सारण सामिष, म्हणून आपल्या पंक्तीला ती चालावयाची नाही. २०११ साली त्या पदार्थाच्या ‘कॉर्निश पास्टी’ या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले. कॉर्नवॉलबाहेर केलेल्या पास्टीला ते नाव लावता येत नाही. हे आम्हांस योग्य वाटते, कारण ज्याचे नाव त्याला द्यावे यात सत्य आहे. परंतु ‘आमचे तेवढेच अन्न, इतरांचे ते खाणे’ असे जो म्हणतो, त्याची आठवण नासली असे समजावे. आमच्यातही असे म्हणणारे थोडे नाहीत.

कंबरलंड-वेस्टमोरलंडच्या डोंगराळ मुलखातले केंडल गाव पुदिन्याच्या साखरवडीसाठी प्रसिद्ध आहे. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेच्या शिध्यात ती वडी होती. शिखरावर पोहोचल्यावर तेनसिंगांनी बर्फात लहानसा खड्डा करून चॉकलेट, बिस्किटे असा खाऊ देवतांस अर्पण केला. खाऊ दुकानातला, वाटेत खाण्यासाठी घेतलेला. अर्पण होताच त्याचा नैवेद्य झाला. देवळातील शिऱ्याचेही असेच आहे: पदार्थ तोच असतो, खाणाऱ्याचा भाव बदलतो. म्हणून जीभ मारण्यापेक्षा तिला आधी अर्पण करावयास आणि मग वाटून खावयास शिकवावे, हे आम्हांस अधिक धर्म्य वाटते.